माझ्या कोटाचं अस्तर आणि कंपनीची जबाबदारी

तीर्थस्वरूप आत्या,

तुला आणि तुझ्या शिलाई मशीनला एकत्रच साष्टांग नमस्कार (वेगवेगळा घालायचा म्हटलं तर तुम्ही दोघी एकमेकींना सोडून सापडत कुठे?). इकडे आम्ही ठीक आहोत. म्हणजे तुझी सूनबाई ठीक आहे, माझ्याबरोबर राहून माणसाला जितकं ठीक राहता येतं तितकी. तुझ्या गुडघ्यांचं काय झालं? डॉक्टरांनी पायमशीन बंद करायला सांगितलं तेव्हा तू मशीन न सोडता डॉक्टर सोडलास, असं कानावर आलं. डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल मागच्या पत्रात नुसतं 'बघू' लिहिलं होतंस. न दिसणाऱ्या माणसाने 'बघू' म्हणावं याला काय म्हणायचं ते तूच सांग.

माझं म्हणशील तर जिवाची नुसती घालमेल चालली आहे. हे पत्र मी चार ओळी बसून आणि चार ओळी उभ्याने असं लिहितो आहे. मध्येच उठून खिडकी उघडतो, मग ती का उघडली ते आठवत नाही म्हणून लावतो. सूनबाई म्हणाली की एक तर पत्र लिहा नाहीतर खिडकीशी काय ते मिटवून घ्या. कारण सांगतो. एका बाईची नोकरी माझ्या कोटाच्या अस्तरात अडकली आहे. तोच तपकिरी कोट, तू शिवलेला. म्हणून सल्ला तुझाच हवा.

माझं काम काय हे तू अजून शेजारणींना 'कचेरीत आहे' एवढंच सांगतेस, तर पुन्हा सांगतो. मोठमोठ्या कंपन्या माणसांशी कशा वागतात, कामगारांना नीट ठेवतात का, माल कुठून आणतात, हे आत जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा. अहवाल चांगला आला की कंपनी तो दुकानाच्या काचेवर लावते. यावेळी माझ्या वाट्याला आलेली कंपनी पर्सा आणि कोट करते. त्यांची एक पर्स घेतली की तिच्यात ठेवायला माणसाकडे काही उरत नाही, इतक्या त्या महाग. आमचा सगळ्यांत कडक नियम असा की तपासणीला गेलेल्याने तिथून काहीही घ्यायचं नाही. चहा नाही, पाणी नाही. चुकून काही घेतलंच, तर ती वस्तू जशीच्या तशी कचेरीत जमा करायची आणि अहवालात तसं लिहायचं. मी तर पाण्याची बाटली घरून नेतो. (एकदा एका ठिकाणी मला ठसका लागला तेव्हा तिथल्या साहेबांनी पाठीवर थाप मारली. ती घ्यायची की नाही यावर आमच्याकडे बैठक झाली होती.)

दारातच त्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या प्रमुख भेटल्या. त्यांना मी मनातल्या मनात जबाबदारीबाई म्हणतो. बोलणं असं गोड की प्रश्न विचारला की आपल्यालाच अपराधी वाटावं. विकला न गेलेला माल कुठे जातो, असं विचारलं तर म्हणाल्या, तो सन्मानाने निवृत्त होतो. तो सन्मान मी नंतर पाहिला. मागच्या खोलीत एक भलंमोठं यंत्र आहे, त्यात नवे कोरे कोट घालून चिंध्या करतात, म्हणजे कुणाला स्वस्तात मिळायला नको. ते मी लिहून घेतलं. कामगारांची विश्रांतीची खोलीही दाखवली. सोफ्यावरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं आणि कुंडीतल्या झाडाला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. शिलाई विभागात ज्या बाईला विचारावं ती म्हणे, आम्ही इथे एका कुटुंबासारख्या राहतो. पगार वेळेवर होतो का? कुटुंबासारख्या राहतो. घरी कधी जाता? कुटुंबासारख्या राहतो. शेवटी एकीला मी संडास कुठे आहे असं विचारलं, तर तिने आधी कुटुंबाचं सांगितलं आणि मग डावीकडे बोट दाखवलं.

आता कोटाचं. आत शिरताना बाहेरचे कपडे काढून ठेवायचे आणि त्यांचा पांढरा अंगरखा घालायचा, मालाला धूळ लागू नये म्हणून. माझा कोट शिलाई विभागातल्या खुंटीवर गेला, आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी मी तो तिथेच विसरलो. (विसरलास कसा, म्हणू नकोस. मी लग्नात वऱ्हाड विसरून पुढे गेलो होतो, ते तू पाहिलं आहेस.) दुसऱ्या दिवशी काम संपवून कोट चढवला आणि घरी आलो. आता माझ्या कोटाचा उजवा खिसा फाटका आहे हे तुला ठाऊक आहे. त्यात टाकलेली किल्ली अस्तरातून खाली घरंगळते आणि कोटाच्या काठाशी जाऊन बसते. ती तिथेच बसते म्हणून तर मला सापडते. त्या दिवशी दाराशी उभा राहून काठ चाचपला, किल्ली नाही. डावीकडचा काठ, मागचा काठ, नाही. सूनबाई त्याच सकाळी तिच्या माहेरी गेलेली. मी जिना उतरलो, चढलो, बसथांब्यापर्यंत जमीन बघत गेलो. घरमालकीणबाईंनी वरून विचारलं की काय हरवलं, आणि उत्तर न ऐकताच म्हणाल्या की पुन्हा का? अखेर कुलूपवाला बोलावला. त्याने कुलूप तोडलं. त्याच्या हातावर पैसे ठेवायला खिशात हात घातला, तर खिशात किल्ली! खिशातल्या खिशात! कुलूपवाला एकदा किल्लीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. मी कोट उलटा केला तर खिसा शिवलेला, फाटकं अस्तर रफू केलेलं, काठाची तुरपाई नव्याने घातलेली. टाके इतके बारीक की दिव्याखाली धरले तरी दिसेनात. (तुझेही दिसत नव्हते, पण ते निघून गेले होते म्हणून.)

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी कंपनीकडून रफू घेतलं होतं! ते जमा करायचं तर कोट जमा करायला हवा. सकाळी तडक तिथे गेलो आणि शिलाई विभागात उभं राहून विचारलं, हे कुणी केलं? सगळ्याजणी कुटुंबाचं सुरू करणार इतक्यात कोपऱ्यातली जाड चष्म्याची बाई म्हणाली, "मी केलं. बघवत नव्हतं. ते आधीचं कुणी शिवलं होतं?" मी म्हटलं, माझ्या आत्याने. त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली. ते 'बरं' मी तुला पत्रातून सांगू शकत नाही.

मग मी विचारलं, केलंत कधी? म्हणाली, सगळं उरकल्यावर, अंधार पडल्यावर, आम्ही रोज बसतोच तोवर. त्या वेळचे पैसे? तिने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "साहेब, त्या वेळेला आम्ही घरी गेलेल्या असतो. तसं लिहिलेलं असतं." आत्या, मी दोन दिवस जे शोधत होतो ते माझ्याच पाठीवर घेऊन हिंडत होतो! घरी गेलेल्या बाईने माझा कोट शिवला कसा, हे जबाबदारीबाईंना कुठल्याही गोड शब्दांत सांगता येणार नाही. दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

मी तिला म्हटलं, तुमचं नाव येऊ देणार नाही. तर हसली. म्हणाली, कंपनीला पुरावा बघायचा हक्क आहे, आणि तिथला मुकादम टाका बघून बाई ओळखतो. "त्यापेक्षा नावानं लिहा. मी शिवलेले कोट दुकानात काचेत उभे असतात, आतल्या पट्टीवर मालकाचं नाव असतं. एकदा तरी माझं लागू दे." हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती दोरा दाताने तोडत म्हणाली. तिला भीती नाही म्हणून तिच्या वाट्याचीही मलाच वाटते आहे. लिहिलं तर तिची नोकरी जाणार. अस्तर उसवून गप्प बसलो तर तो अहवाल काचेवर लागणार आणि त्या सगळ्याजणी आणखी वर्षानुवर्षं अंधारात 'घरी' बसणार. अहवाल उद्या द्यायचा आहे. कोट समोर खुर्चीवर पडला आहे, कात्री शेजारी आहे, आणि मी एकदा याला आणि एकदा तिला हात लावतो आहे. तुला काय वाटतं ते सावकाश विचार करून कळव. गुडघ्यांना जप, आणि डोळ्यांचं खरंच बघ.

तुझ्या हातचे कपडे घालून मोठा झालेला,
तुझा भाचा

ता. क. वर लिहिलेलं शेवटचं सगळं खोटं आहे. खुर्चीवर टॉवेल आहे. अहवाल मी परवाच दिला, नावासकट, कोटासकट. काल मुकादमाने अस्तर पाहिलं आणि कुटुंबाने तिला घरी पाठवलं, यावेळी खरोखरच. बाकीच्या सगळ्याजणी दिवस मावळताच उठून निघाल्या, असं कळतं. मी मात्र कालपासून खिडकी उघडतो आणि लावतो आहे. मी सल्ला अशासाठी विचारला की तू आधी विचार करून 'लिही' म्हणावंस, आणि मग तुला पुढचं नाकारता येऊ नये. तुझ्या शिलाईच्या दुकानातलं दुसरं मशीन कापडाखाली झाकून पडलं आहे. पाटीवर तुझ्या नावाखाली एक नाव मावेल एवढी जागा आहे. समजलीस ना?

ता. क. २. हे पत्र पोस्टाने पाठवलेलं नाही. ज्या बाईने ते आणून तुझ्या हातात दिलं आणि अजून दारात उभी आहे, तीच ती. तिला आधी आत घे, बसायला दे. पत्र इतकं लांबलं याची तिच्याकडे माझ्या वतीने माफी माग. आणि ती तुझ्या तोंडाकडे न बघता तुझ्या बाहीच्या शिवणीकडे बघत असेल, तर रागावू नकोस.