डॉक्टरांचा ग्रंथ छापला कोणी?

अहो,

उद्या देशपांडेभावजी तुमचं त्या डॉक्टरवरचं पुस्तक छापखान्यात देणार आहेत. तुमच्या वर्षश्राद्धाला इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना एकेक प्रत वाटायची, असं त्यांनी ठरवलंय. त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं.

तुमच्या त्या जर्मन डॉक्टरबरोबर मी किती वर्षं संसार केला! या डच मुलखात आठवडाभर फेल्डहोवनच्या कारखान्यात मशिनं, शनिवारी लायडनची ट्रेन. साडेतीनशे वर्षांपूर्वी हा डॉक्टर डच कंपनीचा वैद्य म्हणून सिलोनला गेला, तिथली झाडं वाळवून कागदांवर लावली, परतल्यावर लायडनच्या बागेचा प्रमुख झाला. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हे सांगायचात आणि मी पोळ्या वाढायची.

मग तुम्हालाही हौस आली. सायकलवरून कालव्याकाठची पानं आणायचात, रद्दीत दाबायचात आणि विसरायचात. ओला कागद रोज बदलला नाही तर बुरशी धरते. रोज कोण बदलत होतं? पाहुण्यांना मात्र म्हणालात, "हिला यातलं काही कळत नाही, सहन करते बिचारी." सगळे हसले. मीही हसले.

मी जेमतेम बारावी. तुम्ही कामावर गेलात की शब्दकोश मांडीवर घेऊन तुमचीच पुस्तकं वाचायची. डॉक्टर वारला तेव्हा त्याचा मोठा ग्रंथ अर्धवट होता, हे वाचलं त्या दिवशी विचारलं, "मग छापला कोणी?"

"बायकोने. पण ते काही महत्त्वाचं नाही."

तुम्ही लिहिलंत, 'ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.' पावसात कुत्र्याची छत्री उगवते, तसा? त्या बाईने झाडांच्या एका इंग्रज जाणकाराला गाठलं, नवऱ्याचे कागद त्याच्याकडून लावून घेतले, ग्रंथ छापून आणला. तुमच्या सबंध पुस्तकात तिला अर्धी ओळसुद्धा नाही.

शेवटी तुमचा हात चालेना, तेव्हा तुम्ही सांगत होतात आणि मी लिहीत होते. ऋणनिर्देशही मीच लिहून घेतला. ग्रंथालयाचे आभार, बागेतल्या लोकांचे आभार, भावजींचे आभार. मग तुम्ही थांबलात. मी पेन धरून बसले.

"झालं," म्हणालात.

आणखी एक प्रकरण घालायचंय, असं मी भावजींना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, शेवटी पुस्तक त्याचं आहे." मुक्ताही फोनवर म्हणाली, "आई, लेट इट बी." तुमचीच लेक!

हस्तलिखित माझ्या कपाटात आहे. भावजी उद्या येतील, चहा पितील आणि रिकाम्या हाताने जातील. वर्षश्राद्धाला पुस्तक निघणार नाही.

पण निघेल, हा माझा शब्द. तुमची एक ओळही बदलणार नाही. ऋणनिर्देशसुद्धा जसा सांगितलात तसाच राहील. फक्त जिथे तुम्ही 'झालं' म्हणालात, त्याच्या पुढच्या पानावर डॉक्टरच्या बायकोचं प्रकरण सुरू होईल. त्याखाली ते लिहिणारीचं नाव असेल.

तुमच्या पानांचे कागद बदलणारी,
सुनंदा