खंडेनवमीच्या पूजेतून उचललेली गिटार

इस्लामपूर, खंडेनवमी, संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. पूजेला कोयते, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने, वहिनीचा मिक्सरसुद्धा मांडला होता. मी गिटार नेऊन ठेवली, तर दादानं सगळ्यांदेखत उचलून कॉटवर टाकली. "हे काय हत्यार हाय व्हय रं?" मिक्सर चालतो, गिटार नाही!

फौजेत शिलाँगचा दोस्त बराकीत कॅसेटवर जुनं इंग्लिश रॉक लावायचा, तेव्हापासूनची ही हौस. आता रिटायर होऊन शिकतोय, बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. खोरं ओढून दादाच्या हाताला पडले ते कष्ट, आणि माझे ते चाळे? तिथं मी गप्प का बसलो?

मघाशी अंगणात बसून त्या कॅसेटमधलंच एक गाणं मुद्दाम जोरात वाजवलं. घट्टे असूनही तारा रुतत होत्या. दादा तणतणत बाहेर आला. "आरं, ठेव ते खाली! आज हत्याराला हात लावायचा नसतोय, ठावं न्हाई?"

"म्हंजे हत्यार हाय तर!"

मी गिटार नेऊन कोयत्यांशेजारी ठेवली. या वेळी कुणी उचलली नाही.

तिला कुंकू मात्र मलाच लावावं लागलं.