कार्ड मी पाहिलं होतं

३ नोव्हें., सोम.
टँकर साडेनऊला. लिफ्टवाला आलाच नाही. जावेकडून फॉरवर्ड आलं: मतदार यादीच्या नावाखाली 'त्यांच्या' बायका घरोघर फिरतायत, आपली नावं काढून त्यांची घालतायत. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. खाली नेहमीसारखं 'कन्फर्म्ड – सुधा, सेक्रेटरी'. पटापट अंगठे आले. बंगळूरच्या जे. पी. नगरात आमच्याइतकी जागी सोसायटी नसेल!

५ नोव्हें., बुध.
आज खरंच एक बाई आली. कापडी पिशवी, अर्जांचा गठ्ठा, डोक्यावर ओढणी. वॉचमन बसण्णाने गेटवरच अडवली आणि तिलाच माझा मेसेज दाखवला. मला खाली बोलावलं तोवर पाच-सहाजण जमलेले. तिने गळ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "स्वल्प नोडी अक्का, जरा बघा ना. सरकारी शाळेत टीचर आहे मी, यादीचं काम दिलंय."
पाहिलं. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, खरा शिक्का मला लांबूनही कळतो. खरा होता.
मागे सगळे मी काय बोलते याची वाट बघत. प्रत्येकाच्या फोनात माझंच 'कन्फर्म्ड'. कार्ड परत दिलं आणि मिठाची गुळणी धरली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या प्रशांतने (पुण्याचा, आयटीतला) मोबाइल वर केला. "कार्ड दाखव, कार्ड!" ती म्हणाली, "या अक्कांना दाखवलं ना." माझ्याकडे बघत होती. मी बसण्णाला म्हटलं, गेट लाव.


७ नोव्हें., शुक्र.
व्हिडिओ फिरत फिरत बेळगावच्या वहिनीकडून मलाच आला. 'बोगस अधिकारी पकडली.' कार्ड माझ्या हातात होतं तो भाग नाहीच, सुरुवात प्रशांतच्या ओरडण्यापासून. तिचं 'अक्कांना दाखवलं' तेही कापलंय. वहिनी: "तुमच्याच भागातलं ना वन्सं? जपा हं." मी 'हो' लिहिलं. नुसतं हो. लाज कशी नाही वाटली.

१० नोव्हें., सोम.
लक्ष्मम्माने भांडी घासता घासता सांगितलं. तिची मुलगी ज्या शाळेत जाते, तिथल्याच त्या शाहीन मिस. चौकशी लागलीय: ओळखपत्र न दाखवता घरांत शिरायला बघत होत्या म्हणे. निकाल लागेपर्यंत शाळेत यायचं नाही. नोकरीही जाईल कदाचित. लक्ष्मम्माच्या गल्लीतलं यादीचं काम अर्धवट पडलंय, दुसरी कुठली टीचर यायला तयार नाही. लक्ष्मम्माचं स्वतःचं नावही राहिलंय. "मिस कळ्ळी अल्ल अक्का." मिस चोर नाही, हे ती मला सांगतेय! चहा दिला तिला. दुसरं काय देणार होते.

११ नोव्हें., मंगळ.
ग्रुपवर लिहिलं. तो मेसेज खोटा, मी कोणालाही विचारलं नव्हतं. त्या बाईंचं कार्ड खरं होतं, मी पाहिलंय.
 मग प्रशांत: "काकू, कुणाचं प्रेशर आलंय का? आम्ही आहोत तुमच्या पाठीशी." मग कुणीतरी: अक्कांचा फोन हॅक झालाय, त्यांचे मेसेज उघडू नका. त्यावर मात्र पटापट अंगठे.
माझ्या नावावर खोटं खपलं, आता खरं खपेना. केलं मी, आणि भोगतेय ती.

१३ नोव्हें., गुरु.
शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, उद्या शिक्षण खात्याच्या कचेरीत चौकशी, तिथे लेखी आणून द्या. कार्ड हातात घेतलेली मी एकटीच. मी नाही बोलले तर तिच्या बाजूने कुणीच नाही.
ह्यांचं म्हणणं, "याच लोकांत राहायचंय आपल्याला. 'गर्दीत नीट दिसलं नाही' असं लिही. धड खोटंही नाही ते." तसं लिहिलं. किती सोयीचं वाटलं वाचताना! फाडलं. पुन्हा लिहिलं: कार्ड पाहिलं, ओळखलं, गप्प बसले, गेट मीच लावायला सांगितलं. मेसेजही माझाच.
एक गोष्ट त्या कागदावर नाही. डोक्यावर ओढणी नसती तर मी तिला आत बोलावून पाणी दिलं असतं. जावेचा मेसेज मला खरा ठरायला हवा होता. हे इथेच लिहितेय, तिथे धीर झाला नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
कचेरीतल्या बाकावर बसून लिहितेय. शाहीन मिस आधीच येऊन बसलेल्या. ओळखलं त्यांनी मला. सरकून जागा करून दिली, तेच जास्त लागलं.
"माझ्याविरुद्ध लिहून द्यायला आलात?"
कागद पुढे केला. सावकाश वाचला, मग पुन्हा वरपासून वाचला. "सरी," म्हणाल्या, म्हणजे ठीक. माफी मागितली मी. त्यावर एवढंच, "आत देणार ना पण?"
देणार म्हटलं. कागद परत घ्यायला हात पुढे केला. सोडला नाही त्यांनी. मीही ओढला नाही.
आतून अजून बोलावणं आलेलं नाही. कागद त्यांच्याच हातात आहे.