रिळाच्या शेवटची दोन मिनिटं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

शोपीस म्हणे! वल्लरीने आज माझ्या टेपरेकॉर्डरचा फोटो काढला. "आई, कॅफेवाले हे डेकोरेशनला घेतात. बाबा असेपर्यंत ठीक होतं." सांगितलं, आधी मला ठेव कॅफेत, काउंटरवर. जुनी आहे, आवाजही येतो.
खराडीच्या आयटी पार्कात ऑफिस, तिथलंच डोकं.

५ नोव्हेंबर

लावून बघितला. घर्रर्र. मग जळक्या रबराचा वास. तरी हार मानणार नाही. त्या रेडिओच्या रिळासाठी लावायचाय, दुसऱ्या कशासाठी नाही.
एकदा लिहूनच टाकते. वल्लरीच्या बारशाला, ७९ साली, माझ्या आईने पाळणा म्हटला होता. आमच्या अनंतरावांनी माइक उशीवर ठेवून तो टेप केला. पुढच्याच वर्षी आई गेली. आणि ८२च्या दिवाळीत ह्याच सद्‌गृहस्थांनी त्याच रिळावर रेडिओवरचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम घेतला! त्यानंतर आईच्या श्राद्धाला 'बारसं' लिहिलेला डबा उघडला, तर आत कोरं रीळ. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. ते रेडिओचं रीळ मी पुन्हा कधी लावू दिलं नाही.
त्यानंतर प्रत्येक बारशाला मी हे चारचौघांत सांगत आले. हे मान खाली घालून पेढा खायचे. मार्चमध्ये गेले, तोवर.

१० नोव्हेंबर

दशरथ आले. पूर्वी सदाशिव पेठेत रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, ह्यांचे जुने दोस्त. पंचाहत्तरी उलटली, पण हात थरथरत नाही. पट्टा बदलला. कंडेन्सर बदलला, गुरगुर थांबली. मला हेड, म्हणजे टेप ज्यावरून घासत जाते तो भाग, पुसायला शिकवलं – कापसाला स्पिरिट लावायचं, एकाच दिशेने, हलक्या हाताने. कापूस चॉकलेटी झाला!
म्हटलं, पुसलेलं काही परत येतं का?
"न्हाई बाई. पण टेप लांब आन् कार्यक्रम ल्हान आसंल, तर शेवटाला जुनं ऱ्हातंय. पळवू नका मात्र. तुटंल. पहिल्यापास्नं चालू द्या."
म्हणजे आधी तो अख्खा कार्यक्रम ऐकायचा. शिक्षा!
जाताना डबे बघून म्हणाले, "नाव डब्यावर हाय, रिळावर न्हाई." सुनावलं त्यांना. डब्यांवर नावं घालायचं काम माझं होतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं अक्षर आहे ते! अदलाबदल करणारे दुसरेच होते.

१४ नोव्हेंबर

धीर होत नाही. शेवटी काहीच नसलं तर?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आहे!!
पंखा बंद केला, कुकर लावला नाही, फोन उशीखाली. तेव्हाही असंच असायचं. माइक रेडिओसमोर आणि अख्खं घर श्वास रोखून. शिंक आली तरी स्वयंपाकघरात पळायचं.
सुरुवातीला काहीतरी पुटपुट, मग रेडिओ. तोही गोधडीखालून आल्यासारखा. पाऊण तास दात आवळून बसले. मग खट्! आणि आई. शेवटचं कडवं. मध्येच खोकली, "थांबा गं, विसरले," म्हणाली, हसली. परत सुरू केलं. टेप संपली.
दोन मिनिटं. बाकीची अनंतरावांनी खाल्ली.
वल्लरीला ऐकवलं. तिला आजी आठवतच नाही. ती रडली आणि वर मलाच म्हणते, "आता तरी बाबांना सोड ना गं." का म्हणून? आईचा आवाज असा घोगरा नव्हता. तोसुद्धा धड नाही राहिला!

२० नोव्हेंबर

दशरथना फोन. म्हणाले, हेड वाकडं बसलंय, म्हणून आवाजाची धार गेली. शनिवारी येतो, स्क्रू किंचित फिरवला की तुमच्या आईंचा आवाज उघडंल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हेड सरळ झालं. आवाज लख्ख. पुन्हा पहिल्यापासून लावलं. रेडिओआधीची ती पुटपुट – माणसं बोलतायत.
हे : "रिळावर काहीच लिहिलेलं नाही गं. आईंचं नसेल ना? थांबवून एकदा लावून बघू."
मी : "अहो, डब्यावर माझ्या हातचं 'कोरं' लिहिलंय. मीच भरलेत डबे. बटण दाबलेलंच राहू द्या, सुरू झाला कार्यक्रम!"
हे : "बरं."
मग रेडिओ.
दशरथ स्क्रूड्रायव्हर पुसत बसले. एकदाही वर बघितलं नाही.
पेन घेतलं. रिळावरच लिहिलं, डब्यावर नाही : आई, दोन मिनिटं. हे, एक शब्द : बरं.