एका बाकाची गाडी

१३ मे १९७९, रविवार

गाडी आली. पावाच्या कारखान्याची जुनी गाडी — चिखलीच्या रहिमान मिस्त्रींनी आतून घर करून दिली. स्टोव्हसाठी ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. आणि झोपायला बाक — एकच! तोही जेमतेम एका माणसाचा.

"साहेबांना दोनदा विचारलं मी, बाई," रहिमान म्हणाले. "बोलले, दुसरा कशाला? मालकच बोलतोय म्हटल्यावर..."

ह्यांच्याकडे पाहिलं. चेहरा पडलेला. लक्षातच आलं नव्हतं! बावीस वर्षं कंपनीच्या पाळ्या. मी झोपायची तेव्हा हे मशीनवर, हे झोपायचे तेव्हा मी शाळेत वर्गावर. घरात पलंग एकच, तो कधी रिकामा पडला नाही. नवरा-बायको एकाच वेळी झोपतात हे ह्यांच्या डोक्यातच नाही.

दुसऱ्या बाकाला आठ दिवस लागतील म्हणे. मी म्हटलं, महाबळेश्वरला उद्याच निघायचं.

पर्समध्ये पाचगणीचं पत्र आहे. मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा, राहायला एकटीपुरती खोली. होकार पंचवीस तारखेपर्यंत. ह्यांना सांगितलेलं नाही. वाटेत सांगेन.

१४ मे

कात्रजचा घाट बैलगाडीच्या चालीनं चढलो. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला — "ओ काका, पाव गरम हायेत तोवर तरी पोचवा!" गाडीवरची जुनी अक्षरं रंगातून अजून दिसतात. हे खो-खो हसले. "घाई कुणाला आहे?" म्हणाले.

मला आहे. अकरा दिवस उरले.

१६ मे, वाई

बसवली घडी. सकाळी गाडी चालवायची, दुपारी बाकावर हे, रात्री मी. म्हणजे पुन्हा पाळ्याच! रात्रभर पुढच्या सीटवर बसून असतात.

"रिटायर झालात ना?" मी.

"कंपनीतून," हे.

१९ मे, पाचगणी

सीझन. रस्त्यात माणसं, घोडे, जांभळांच्या टोपल्या. पडदा सारला तर मुंबईचं एक कुटुंब रांगेत उभं — "दोन मस्का-पाव!" मी खडसावणार, तोवर ह्यांनी पाचही जणांना चहा पाजला. वर "पुन्हा या" म्हणून निरोप!

टेबललँडवरून शाळेची लाल कौलं दिसतात. दाखवली नाहीत.

२० मे

हे कुजबुजत बोलतात! भर सकाळी, घोडेवाल्यांच्या गलक्यात! "अहो, कोण झोपलंय इथे?" दचकले. मग हसायला लागले. मीही हसले. किती वर्षांनी, आठवत नाही.

२२ मे, महाबळेश्वर

प्रत्येक पॉइंटला मोटारींची रांग. आम्ही एकाच ठिकाणी दिवसभर थांबलो.

राग नाही माझा. भांडणही नाही — भांडायला दोघं जागी लागतात. मार्चपासून हे घरी आहेत, स्वयंपाकघरात मागे येऊन उभे राहतात. डबे उघडून बघतात, चुकीच्या जागी ठेवतात. मी दचकते. सवय मोडली आहे. एका घरात बावीस वर्षं एकटीच राहिले, आता एकटं राहायचं तर उघडपणे राहावं, आणि उपयोगी पडावं. विचार सरळ आहे. त्यात खोट सापडत नाही.

आणि आज दरीकडे बघता बघता विचारतात, "मी रात्रपाळीला गेलो की तू काय करायचीस गं?"

"वाचायची."

"काय वाचायचीस?"

सांगितलं. तासभर मीच सांगत होते. मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही त्यांनी. बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आता सांगणं जास्त अवघड झालं आहे.

२३ मे

नाही सांगितलं.

२४ मे, परत पाचगणी

सकाळी चहा झाल्यावर समोर बसवलं. तोंड उघडलं.

"बोल," हे म्हणाले. हळू नाही, चांगल्या मोठ्या आवाजात.

"मीठ संपलंय."

भेकड! खोटं बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करते. हे चपला घालून बाजारात गेले.

२५ मे

शाळेत जाऊन होकारावर सही केली. कारकून कागद घेत म्हणाला, "तुमचे मिस्टर काल येऊन गेले की, बाई. तुमच्या पत्राचं पाकीट पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं होतं म्हणाले, त्यावरचा आमचा शिक्का पाहिलेला. पावसाळ्यात दर शनिवारी गाडी इथवर चढेल का आणि फाटकाशी उभी करू द्याल का, एवढंच विचारत होते."

मी तर अजून सांगायचीच आहे!