ड्रायव्हरकाकांच्या खाटेपर्यंत जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, जुनी इमारत.

विषय : वॉर्ड क्रमांक चारमधील एका रुग्णास भेटण्याची परवानगी मिळणेबाबत, ती देणे शक्य नसल्यास अर्जदारास त्याच वॉर्डात रुग्ण म्हणून दाखल करून घेणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे परिपत्रक, 'पाळकांचा वॉर्डातील वावर व त्याचे परिणाम'.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या रुग्णालयात ख्रिस्ती पाळक, म्हणजे पाद्री, म्हणून सेवेत आहे. तळमजल्यावर धुतलेल्या चादरींच्या कोठीला लागून जी अरुंद खोली आहे, तीच प्रार्थनेची खोली. आपण तेथे कधी आला नाहीत, याबद्दल तक्रार नाही. फारसे कोणीच येत नाही. आजाऱ्यांना भेटणे, त्यांचे ऐकणे आणि त्यांनी मागितल्यास त्यांच्यासाठी प्रार्थना करणे, एवढे माझे काम. मी स्वभावाने संकोची असून अनोळखी माणसाशी पहिले वाक्य बोलण्यापूर्वी ते मनात अनेकदा म्हणून पाहतो. तरीही हे काम मी मागून घेतले, कारण आजारी माणूस पहिल्या वाक्याकडे फारसे लक्ष देत नसावा, असे मला वाटले होते. तो समज चुकीचा ठरला.

२. येथील रूढ पद्धत अशी की, डॉक्टरांचे सर्व उपाय थकल्यावर मोठ्या सिस्टर मला निरोप पाठवतात. मी जातो, बसतो, आणि थोड्या वेळाने रुग्ण हे जग सोडतो. मरण जवळ येते म्हणून मला बोलावले जाते, हा क्रम सरळ आहे. परंतु शेजारच्या खाटांवरून पाहणाऱ्यांना तो उलटा दिसला. मी येतो म्हणून मरण येते, असा बोभाटा झाला. माझे नाव 'शेवटचा राउंड' पडले. मी जिना चढू लागलो की माझ्या आधी कुजबुज वर पोहोचते. लोक पांघरूण डोक्यावरून ओढून घेतात, आणि व्हरांड्याच्या खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टासुद्धा मला वाट देण्यासाठी भिंतीकडे सरकल्यासारखा भासतो.

३. वॉर्ड दोनमध्ये पायाला प्लास्टर घातलेले एक सुतार होते. त्यांच्या खाटेजवळ मी केवळ बुटाची नाडी बांधण्यासाठी वाकलो. त्यांनी डोळे मिटले, मेहुण्याला बोलावून घेतले, त्याने नेलेली आणि कधीच परत न आणलेली शिडी त्याला कायमची देऊन टाकली, आणि दोघे गळ्यात गळे घालून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण जिवंत आहोत हे लक्षात येताच सुतारांनी शिडी परत मागितली. आता दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे आणि दोन्ही घरे मला दोष देतात. मरणाच्या धाकाने केलेली क्षमा, मरण पुढे ढकलले गेल्यास, बंधनकारक राहते काय, हा प्रश्न आम्हांला धर्मशिक्षणात कोणी शिकवला नव्हता.

४. यापुढची बाब अधिक नाजूक आहे. ज्या रुग्णांचे दुखणे कोणत्याही औषधाने हटत नव्हते आणि जे खाट सोडावयास तयार नव्हते, ते मला पाहून उठून बसू लागले, आणि काही जण पिशवी भरून चालत घरी गेले. खाटवाटपाचे कारकून यावर इतके खूश झाले की, त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितले, "दुपारी वॉर्ड तीनमधून जरा एक चक्कर मारा हो. बोलू नका काही. नुसते चाला." मी, नाही म्हणण्याचे धैर्य न झाल्यामुळे, चाललो. संध्याकाळपर्यंत वॉर्ड अर्धा रिकामा झाला. पांगळा माणूस उठून चालू लागल्याच्या कथा मी लहानपणापासून श्रद्धेने ऐकत आलो. परंतु तो माणूस बरे करणाऱ्यापासून पळत सुटला होता, असे कोणी सांगितले नव्हते. या उठून जाण्याला कृपा म्हणावे की घबराट, असे मी आमच्या ज्येष्ठ पाळकांना विचारले. ते म्हणाले, "गेले ना चालत? मग देवाचे आभार मान आणि गप्प बस."

५. परिस्थिती सुधारण्याचे मी प्रामाणिक प्रयत्न केले. गळ्यातील पांढरी पट्टी काढून निळा स्वेटर घातला आणि संत्री घेऊन साध्या पाहुण्यासारखा गेलो. परंतु रुग्ण मला चेहऱ्यावरून ओळखतात. माझा चेहरा जन्मतःच लांबट आहे. माझी मावशी सांगते की, मी पाळण्यात असतानाही बघायला आलेले लोक आईचे सांत्वन करून जात. प्रसन्न दिसण्याचा सराव म्हणून मी कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहातील आरशासमोर हसत उभा होतो. तेवढ्यात सफाईवाल्या बाई आत आल्या, बादली खाली ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कोण गेलं हो?"

६. अर्धे टाके घातलेला एक रुग्ण मला पाहून उरलेले टाके न घेताच निघून गेल्यावर आपण संदर्भित परिपत्रक काढले. आपली अडचण मी समजू शकतो. त्यानुसार, रुग्ण वाचण्याची आशा संपल्याचे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय आणि नातेवाइकांची संमती असल्याशिवाय मला कोणत्याही वॉर्डात पाऊल ठेवता येत नाही. डॉक्टर लिहून देत नाहीत. ते म्हणतात, "हे लिहून दिलं तर मी उद्या त्याच्या समोर कोणत्या तोंडाने जाऊ?"

७. आता मूळ मुद्द्याकडे येतो. वॉर्ड चारमध्ये खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत. सर्व जण त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. त्यांची फुप्फुसे थकली आहेत आणि आता ती सुधारायची नाहीत, हे डॉक्टरांना, सिस्टरांना आणि त्यांना स्वतःला माहीत आहे. परंतु त्यांच्या दोन मुली, थोरली व धाकटी, यांनी निश्चय केला आहे की, मी आलो नाही तोवर बाबांना काही होणार नाही. म्हणून त्या संमती देत नाहीत आणि आळीपाळीने दाराशी पहारा करतात. वॉर्डात चहा देणाऱ्या मावशी मला काकांचे निरोप पोहोचवतात. ते जसेच्या तसे देतो. पहिला : "त्या पोराला म्हणावं, कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही, हे माझ्या पोरींना बरोब्बर ठाऊक आहे. म्हणून त्यांनी कंडक्टरच अडवून धरलाय." दुसरा : "धाकटी रोज सकाळी म्हणते, बाबा, आज रंग किती छान दिसतोय. मी म्हटलं, भिंतीचा का?" तिसरा निरोप लहान आहे : "मी मरतोय, हे एकदा कुणाजवळ तरी मोठ्याने बोलायचंय. इथे बोललो की या दोघी उशा झटकायला लागतात."

८. महोदय, हा तिसरा निरोप ऐकल्यापासून माझे कशात लक्ष लागत नाही. मी वॉर्ड चारबाहेरून जातो तेव्हा त्यांचा श्वास व्हरांड्यात ऐकू येतो; चढावर थकलेल्या जुन्या गाडीसारखा, प्रत्येक वेळी आता थांबेल असा. मी मनापासून लिहितो की, माझ्या न जाण्याने एक जरी माणूस वाचत असता, तर मी जन्मभर त्याच्या दाराबाहेर उभा राहिलो असतो आणि यापेक्षा मोठी सेवा मागितली नसती. परंतु मी गेलो नाही, आणि तरीही तो श्वास रोज लहान होत आहे. म्हणजे माझ्या अंगी ती शक्ती नाही. हे सिद्ध होण्याची किंमत मात्र काका एकटे पडून मोजत आहेत.

९. सबब विनंती की, मला त्यांच्या खाटेपर्यंत जाण्याची परवानगी द्यावी. ते नियमात बसत नसल्यास, त्यांच्या शेजारची खाट सध्या रिकामी आहे (तीवरील गृहस्थ मला व्हरांड्यातून जाताना पाहून घरी गेले), तीवर मला रुग्ण म्हणून दाखल करून घ्यावे. रुग्णाने शेजारच्या रुग्णाशी बोलण्यास परिपत्रकात मनाई नाही. मला गुरुवारपासून थोडा खोकला आहे. तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. दुर्दैवाने त्यात काही निघाले नाही. तरी मी खात्री देतो की, मी पांघरूण घेऊन आडवा राहीन, प्रार्थना ओठांतल्या ओठांत करीन, आणि आपल्या सोयीप्रमाणे कण्हेन.

१०. वरील मजकूर शनिवारी टंकलिखित झाला. कार्यालयाने कागद वाया घालवू नये अशी सक्त सूचना केलेली असल्यामुळे तो फाडता येत नाही. म्हणून पुढील परिच्छेद त्याच कागदाच्या मागील बाजूस जोडत आहे. त्यांत माझी विनंती बदललेली आहे.

११. रविवारी दुपारी काकांची थोरली मुलगी चादरींच्या कोठीशेजारी माझ्या खोलीत आली. दार उघडताच म्हणाली, "पाळकसाहेब, मी एवढंच सांगायला आलेय, की येऊ नका." मी बरे म्हटले. ती गेली नाही. बाकावर बसली, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बाबा आमच्याशी धड बोलत नाहीत. तोंड भिंतीकडे. तुमच्याशी असं काय बोलणार आहेत?" मी म्हटले, ठाऊक नाही. "मग तुम्ही तिथे जाऊन करता तरी काय नेमकं?" हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि मनात आधी म्हणून पाहिलेले उत्तरही नव्हते. जे खरे होते ते सांगितले. खुर्ची जवळ ओढून घेतो. भीती वाटते का, असे विचारतो. मग ते जे बोलतील ते ऐकतो, आणि मध्येच 'छे हो, बरे व्हाल' असे म्हणत नाही. "एवढंच?" बहुतेक वेळा एवढेच, प्रार्थना नंतर, त्यांनी मागितली तर. तिने बोटाचा बंद सोडला. "आणि याचा पगार देतात?" मी म्हटले, देतात. ती हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटले. मी शेजारच्या कोठीतून एक स्वच्छ चादर आणून दिली, कारण त्या क्षणी मला रुमाल सापडला नाही.

१२. यापुढचे चहावाल्या मावशींनी पाहिले. थोरली सरळ वॉर्ड चारमध्ये गेली. तिने खुर्ची ओढली. खुर्ची फरशीवर एवढी किंचाळली की सारा वॉर्ड वळून पाहू लागला. धाकटी उशी झटकत होती, तिच्या हातातून उशी काढून घेतली. आणि विचारले, "बाबा, भीती वाटते का?" काका भिंतीकडे बघत होते. मग कुशीवर वळले. म्हणाले, "उतारावर ब्रेक जरा उशिरा लागला की वाटते ना, तेवढी." आणि बोलू लागले. त्यांच्या पहिल्या मार्गाबद्दल, मुलींच्या आईबद्दल, ती थांब्यावर उभी असूनही बस न थांबवता पुढे नेल्याच्या एका सकाळबद्दल आणि त्यानंतर घरी जे झाले त्याबद्दल. मुलींना यातले काहीच माहीत नव्हते. दोघी ऐकत होत्या. कोणी बरे व्हाल म्हटले नाही. काका म्हणाले, "मी मरतोय गं," आणि थोरली म्हणाली, "हो बाबा." नंतर ते आणखी काही सांगू लागले, "मी गेल्यावर तुम्ही दोघींनी," एवढे म्हणाले, आणि भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. पहारेकऱ्याने दोघींना बाहेर काढले. ते वाक्य तसेच राहिले आहे.

१३. जिला पाळकाची दीक्षा नाही अशा व्यक्तीने बजावलेली ही सेवा ग्राह्य आहे की नाही, हे आमच्या वरिष्ठांना विचारावे असे मनात आले होते. आता विचारणार नाही. कारण उत्तर 'नाही' असे आले, तर मला ते पाळता येणार नाही.

१४. तरी माझी परिच्छेद नऊमधील विनंती मागे घेऊन पुढीलप्रमाणे नव्याने विनंती करतो. वॉर्ड चारमधील खिडकीजवळच्या खाटेस भेटीच्या वेळेचा नियम लागू करू नये, आणि त्या दोघी मुलींना घंटेनंतरही तेथे बसू द्यावे. काकांना श्वास पुरत नाही. त्यांचे वाक्य इतरांपेक्षा अधिक वेळ घेते. समोरच्या खाटेवरील रुग्णाने खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकून आणि थोरलीचे डोळे पाहून आज सकाळी डिस्चार्ज मागितल्याचे समजते. परंतु या कारणास्तव परिपत्रकातील 'पाळक' या शब्दाच्या व्याख्येत रुग्णांच्या मुलींचा समावेश करू नये, ही कळकळीची प्रार्थना.

१५. माझ्यासाठी काहीही नको. काकांनी मावशींकडून शेवटचा निरोप पाठवला आहे : "कंडक्टर आत नाही आला तरी चालेल आता. पण म्हणावं, जवळपास राहा." म्हणून मी वॉर्ड चारबाहेरच्या बाकावर बसणार आहे. त्यास परिपत्रकात मनाई नाही. मी ते पुन्हा वाचून पाहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांचा गैरसमज होऊन कोणी टाके न घेता घरी जाऊ नये, म्हणून दाराकडे पाठ करून बसेन. आपला निर्णय कळवण्यासाठी कोणास पाठवल्यास त्याने कृपया मागून खांद्याला हात लावावा.

आपला नम्र आणि पाठमोरा,
(सही)
रुग्णालयाचा पाळक

स्थळ : वॉर्ड चारबाहेरचा बाक
दिनांक : सोमवार, घंटेपूर्वी