नोटेवरची करंगळी

प्रिय धाकट्या,

परवा तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. गेल्या महिन्यात तू तीनदा एकच गोष्ट विचारलीस, नव्या नोटेसाठी त्या चित्राचा जुना फोटो वापरला की नवा. पहिल्यांदा वाटलं, सहज विचारतोयस. तिसऱ्यांदा मी ते तारखेसकट डायरीत लिहिलं. सख्ख्या भावाबद्दल असं टिपून ठेवणारी बहीण मला आवडली नाही, पण पान काही फाडलं नाही.

फोटो नवा आहे. नमुन्याची नोट आठवडाभर माझ्या टेबलावर पडून आहे. नोटेवरचं चित्र संग्रहालयातल्या चित्राबरहुकूम आहे, अशी सही मी केल्याशिवाय आमच्या छापखान्यात छपाई सुरू होत नाही. खिडकीशी शिवत बसलेली ती बाई शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भिंगाखाली तिचा सुई धरलेला हात पाहिला. करंगळी वरच्या पेरापाशी बाहेर वळलेली. माझ्या कॉलेजच्या जुन्या पुस्तकात ती सरळ आहे. नोटेचा ठसा कोरणाऱ्या म्हातारबुवांना विचारलं, तर ते चिडलेच. "बाई, समोर होतं ते कोरलं. चाळीस वर्षांत पदरचं एक बोट घातलं नाही मी."

बाबांनी घरी त्या चित्राची नक्कल केली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. त्यांच्याजवळच्या छापील चित्रात हात पुसट होता, म्हणून त्यांनी माझ्या हातात सुई देऊन मला समोर बसवलं. तू आपटलेल्या दारात माझी करंगळी मोडून वाकडी झाली, ती त्याच वर्षी. आई म्हणाली, वाकडी कशाला काढता? बाबा म्हणाले, दिसते तशी काढतो.

नोटेवर ती करंगळी दिसल्यापासून मी तारखा जुळवत बसले आहे. तीन वर्षांपूर्वी मूळ चित्र सफाईसाठी चार महिने संग्रहालयातल्या तुझ्या खोलीत होतं. त्याच दिवसांत बाबांचं चित्र आपल्या जिन्यातल्या भिंतीवरून गेलं. वाळवी लागली, जाळून टाकलं, असं सांगताना तू रडलास आणि मी तुला बळेबळे जेवायला बसवलं. त्या भिंतीला वाळवीचा मागमूस नव्हता. मला ते तेव्हाच दिसलं होतं, तरी मी विचारलं नाही. कदाचित मी उगाच संशय घेत असेन. पण मग फोटो सफाईच्या आधीचा की नंतरचा, याची तुला एवढी काळजी का?

सोमवारी सकाळी माझी सही मागतील. ती मी करणार नाही. कारण विचारतील, तेव्हा हात पुढे करावा लागेल. म्हणून रविवारी ये. मूळ चित्र विकलंस की साफ करताना तुझ्या हातून बिघडलं, एवढंच सांग. काहीही असलं तरी संग्रहालयात मी तुझ्याबरोबर येईन. बोट मोडलं त्या दिवशी मी आईला सांगितलं होतं, दार माझ्याच हातून लागलं. या वेळी तसं सांगणार नाही.

तुझीच,
ताई